पाच कोरे सोमवार

छटाक झोपला की मला साधारण चाळीस मिनिटं मिळतात. त्यातली दहा त्याच्याकडे बघण्यातच जातात. झोपेत तो एक मूठ घट्ट मिटून ठेवतो, जणू कुणी तिच्यातलं काही काढून घेईल. उरलेल्या अर्ध्या तासात, ताईच्या घरी बसून, हे लिहून काढते आहे. एका बैठकीत होणार नाही, पण सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं.

छटाक हे त्याचं खरं नाव नव्हे. जन्मला तेव्हा जेमतेम सव्वादोन किलोचा होता. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, त्याला दोन तळव्यांवर तोललं आणि म्हणाले, "हे तर छटाकभरच आहे!" तेव्हापासून तो छटाक. आमच्या घरात असंच नाव पडणार. अप्पांचा वजनकाट्यांचा कारखाना आहे, त्यांच्या वडिलांचा, आजोबांचाही होता. तळमजल्यावर कारखाना, वर आम्ही. दुकानांचे, दवाखान्यांचे, गोदामांचे काटे तिथे दुरुस्तीला येतात, तपासले जातात आणि दाखला घेऊन परत जातात. तो दाखला मी टाइप करते. लग्नाआधीपासून करते आहे. मी तिथेच नोकरीला लागले, मालकाच्या मुलाशी माझं जमलं, आणि अप्पा मला सूनबाई न म्हणता कारकूनबाईच म्हणत राहिले. "कारकूनबाई, लग्न झालं म्हणून स्पेलिंगच्या चुका माफ नाहीत हं."

काचेच्या पेटीत अप्पांची मूळ वजनं असतात. त्यांना उघडा हात लावायचा नाही. हातमोजा आणि चिमटा. या मुळावरून मधली वजनं तपासायची, मधल्यांवरून कामाची. कामाची वजनं माझा नवरा गाडीत घालून गावभर फिरतो. मधलं वगळून कामाचं वजन थेट मुळाशी कधी लावायचं नाही, हा अप्पांचा नियम. मुळाला सतत हात लागला तर ते झिजतं. आणि फरक निघालाच, तर तो नेमका कुठे पडला ते कळत नाही. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी हे मला तीनदा ऐकवलं होतं.

दर सोमवारी सकाळी दहाला अप्पा छटाकचं वजन करायचे. दवाखान्यातल्या बाळांसाठीचा एक पारड्याचा काटा त्यांनी खास दुरुस्त करून कोपऱ्यात ठेवला होता. खाली मऊ टॉवेल, टॉवेलचं वजन वजा करून काटा शून्यावर, मग छटाक. एका वहीत त्यांनी वर्षभराच्या सोमवारांच्या तारखा आधीच लिहून ठेवल्या होत्या, एका खाली एक. "दीडशे ग्रॅम वाढला! काय खाऊ घालतेस गं?" छटाक त्यांची चष्म्याची दोरी धरून ओढायचा आणि अप्पा वाकून राहायचे, तो सोडेपर्यंत.

हे सगळं चाललेलं असताना मास्तर आले.

मास्तर म्हणजे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. आमचे नातेवाईक नव्हेत, फक्त आडनाव एकच. या आडनावाची सगळी माणसं एकाच मूळ पुरुषापासून आली का, याचा त्यांना ध्यास लागला होता. बापाकडून मुलाकडे रक्तातला एक धागा जवळजवळ जसाच्या तसा उतरतो, तो प्रयोगशाळेत वाचता येतो, असं त्यांनी आम्हाला चहाच्या दोन कपांत समजावलं. "आडनाव उतरतं तसाच धागा उतरतो. पुरुषांचाच. बायकांत तो नसतोच."

"म्हणजे आम्ही चहापुरत्या," सासूबाई म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

अप्पांना ही कल्पना भलतीच आवडली. माप आणि मूळ म्हटलं की त्यांच्या अंगात येतं. त्यांनी लगेच गालाच्या आतून कापूस फिरवून नळीत घातला. नवऱ्याला म्हणाले, "आता तू."

"माझ्या गालात काय सापडणार, अप्पा? वडापाव?" असं काहीतरी बोलून तो गाडीची किल्ली घेऊन पळाला. दोनतीनदा विचारलं, दोनतीनदा पळाला.

मग एके दिवशी मी अंघोळीला गेले असताना अप्पांनी छटाकच्या गालातून कापूस फिरवला. मी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काडी होती. मला वाटलं, तोंडातलं दूध पुसतायत. ते काही बोलले नाहीत. नंतर कळलं, त्यांना आम्हाला चकित करायचं होतं. तक्त्यावर मुळापासून थेट शेंड्यापर्यंत रेघ ओढायची आणि शेंड्यावर नातू! पोराला विचारून काही उपयोग नाही म्हणून पोराला वगळलं. मला विचारायचं मात्र त्यांच्या मनातच आलं नसावं. माझ्या लेकराच्या तोंडातून काढलेली गोष्ट, आणि मला पत्ता नाही.

(उठला. थांबते.)

रविवारी दुपारी मास्तर गुंडाळलेला तक्ता घेऊन आले. नेहमी दारातूनच बोलायला लागणारा माणूस त्या दिवशी चपला काढायलाच बराच वेळ लावत होता. तक्ता टेबलावर पसरला. अप्पांचा धागा मास्तरांच्या धाग्याशी जुळला होता, सातआठ पिढ्यांमागे दोघांचा एक आजोबा होता. अप्पा खूश होऊन टेबलावर थाप मारणार, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "पण छोट्याचा... जरा वेगळा आला आहे."

"जरा म्हणजे?"

"म्हणजे, अजिबात नाही."

तेव्हा कुठे मला कळलं की छटाकचा नमुना गेला होता. मी तक्त्याकडे पाहिलं. अप्पांपासून माझ्या नवऱ्यापर्यंत भरीव रेघ होती. नवऱ्यापासून छटाकपर्यंत तुटक.

"तूर्तास तुटक," मास्तर घाईने म्हणाले. "प्रयोगशाळेतही गोंधळ होतात."

"दूध प्यायला असेल त्याआधी," माझा नवरा म्हणाला. "हिचं काहीतरी मिसळलं असेल."

"बायकांत तो धागा नसतोच," मास्तर खालमानेने म्हणाले. "मिसळायला काही नाही."

त्या चाचणीत माझा काडीचाही भाग नव्हता, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांचे डोळे मात्र माझ्यावर. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मी भांडले असते. अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पुसला. सासूबाई कप गोळा करायला लागल्या. अर्धे भरलेले होते, तरी.

दुसऱ्या दिवशी सोमवार. दहाला मी छटाकला घेऊन खाली गेले. भिंतीवर मास्तरांचा तक्ता लागला होता, तुटक रेघेसकट. अप्पा एका गोदामाच्या काट्याखाली आडवे होते. "आज जरा घाई आहे," काट्याखालूनच म्हणाले. कारकूनबाई म्हणाले नाहीत. दुसऱ्या सोमवारी मी जिन्यावरून त्यांचा आवाज ऐकला आणि अर्ध्यातून वर परत आले.

सासूबाई मात्र माझ्याशी फार मायेनं वागायला लागल्या. छटाकला न्हाऊ घालायला पाण्यात हात घालून बसायच्या, मला दोन घास जास्त वाढायच्या. एकदा कपड्यांच्या घड्या घालताना म्हणाल्या, "पोरी, बाईच्या जातीला मनात ठेवून ठेवून आजार होतो. काही असेल तर सांगून टाक. मी कुणाला बोलणार नाही."

"काही नाहीच, आई."

"नसेल तर नसेल," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताने मला रडू आलं. वाटलं, या घरात एक तरी माणूस माझ्या बाजूचं आहे.

त्या दुसऱ्या सोमवारानंतरच्या रविवारी जेवायला बसलो तेव्हा मी ठरवून बोलले. "अप्पा, तुम्हीच शिकवलंत. मधलं वजन वगळायचं नाही. तुम्ही मुळाशी थेट शेवटचं लावलंत. आधी याची चाचणी करा, मग माझ्याकडे बघा."

अप्पांचा घास हातात राहिला. मला वाटतं, त्यांना पटलं होतं. त्यांनी मान वर करून मुलाकडे पाहिलं.

माझ्या नवऱ्याने सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही, अप्पा. माझा हिच्यावर विश्वास आहे. पोरगं माझं आहे. विषय संपला."

मला केवढं भरून आलं तेव्हा! चाचणी नको म्हणणारा नवरा. रक्तापेक्षा माझा शब्द मोठा मानणारा. पुढचे तीन आठवडे मी त्या एका वाक्यावर काढले. अप्पा डोळे चोरत होते, तिसरा सोमवार कोरा गेला, चौथा गेला, पाचवा गेला, छटाक खालच्या मजल्याकडे बघून हात नाचवायचा, आणि मी मनात म्हणायचे, जाऊ दे, बापाचा तरी विश्वास आहे ना.

आज सोमवार. सहावा.

सकाळी एका दवाखान्यातून फोन आला. नवऱ्याने परवा त्यांचा काटा तपासला होता, त्यासाठी वापरलेल्या दोनशे ग्रॅमच्या वजनाच्या दाखल्याची प्रत त्यांना लगेच हवी होती. नवरा अंगणात गाडी भरत होता. त्याची छोट्या वजनांची लाकडी पेटी टेबलावरच होती. प्रत्येक वजनाचा दाखला पेटीतच असतो, वजनांच्या खाचा असलेली निळ्या मखमलीची फळी उचलली की खाली. मी फळी उचलली. दाखल्यांच्या खाली एक लांबट पाकीट होतं, आमच्या कागदांपेक्षा जाड.

मी ते उघडायला नको होतं, असं मी म्हणणार नाही. त्या घरात माझ्या मुलाचं तोंड उघडताना कुणी मला विचारलं नव्हतं.

कागदावर दोन नमुने होते. बाप आणि मूल. नव्व्याण्णव आणि पुढे दशांश चिन्हानंतर नऊच नऊ. छटाक माझ्या नवऱ्याचा होता. ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मग नजर तारखेवर गेली. अप्पांनीच लावलेली सवय, आधी तारीख बघायची. तारीख शनिवारची होती. ज्या रविवारी त्याने माझा हात हातात घेतला, त्याच्या आदल्या दिवसाची.

पोरगं माझं आहे. विषय संपला. त्याला ते माहीत होतं. कागदावर.

आणि छटाक त्याचा असेल, आणि छटाकचा धागा अप्पांचा नसेल, तर रेघ कुठे तुटली हे सांगायला भूगोलाचे मास्तर लागत नाहीत. तुटक रेघ एक घर वर हवी होती.

मी छटाकला कमरेवर घेतलं आणि अंगणात गेले. नवरा वीस किलोचं वजन गाडीत चढवत होता.

"हे काय आहे?"

त्याने पाकीट ओळखलं. वजन खाली ठेवलं, अगदी अलगद. "कुठे मिळालं तुला?"

"जिथे ठेवलंस तिथे."

"हळू बोल. अप्पा आत आहेत."

"तुझा माझ्यावर विश्वास होता ना? मग गुपचूप चाचणी कशाला केलीस?"

"संशय नव्हता गं. खात्री करून घ्यावी म्हटलं. एकदा डोक्यात किडा वळवळायला लागला की..."

"बरं. खात्री झाली. मग?"

छटाकने त्याच्याकडे हात पसरले. त्याने बोट पुढे केलं, मी एक पाऊल मागे सरकले.

"मग मला कळलं ना," तो म्हणाला. "माझं. मी त्याच दिवशी आईला विचारलं. ती पायांवर पडली माझ्या. स्वतःच्या आईला पायांवर पडताना बघितलंयस कधी? म्हणाली, अप्पांना कळलं तर ते जगायचे नाहीत. थोडे दिवस जाऊ दे. हळूहळू सगळे विसरतील."

"काय विसरतील? तिचं, की माझं?"

"तुला कुणी काही बोललंय का? एक शब्द तरी?"

"नाही. एक शब्दही नाही."

"मग!" तो म्हणाला, खरंच सुटल्यासारखा. "तू खंबीर आहेस. तू सोसू शकतेस. आई नाही सोसणार."

म्हणजे त्या जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं होतो, आणि दोघांना ठाऊक होतं. एकाने माझा हात धरला होता, दुसरीने मला आमटी वाढली होती. सांगून टाक पोरी, मी कुणाला बोलणार नाही. तेव्हा पाठीवरून फिरलेला हात मला आता, अंगणात, पुन्हा जाणवला.

सासूबाई जिन्यात उभ्या होत्या. किती वेळ, माहीत नाही. हातात छटाकची धुतलेली झबली होती. "पोरी," त्या म्हणाल्या, "तेहतीस वर्षं सांभाळलंय मी हे. एका चुकीसाठी यांच्याकडे रोज बघून रोज मेलेय."

"मला तुमची चूक विचारायची नाही, आई. ती तुमची. पण पाच आठवडे तुम्ही ती माझ्या अंगावर घातलीत. आणि वर मलाच सांगून टाक म्हणालात."

"तुझ्यापुढे आयुष्य आहे. तुला पुन्हा माणसं मिळतील. माझं काय?" मग आवाज अगदी खाली नेऊन, "पाया पडते."

आणि त्या खरंच वाकायला लागल्या. मी त्यांना थांबवलं. एका हाताने, कारण दुसऱ्यावर छटाक होता. खरं सांगते, तेव्हा मी डगमगले. अप्पा एकाहत्तरचे आहेत. कागद फाडायला दोन सेकंद पुरले असते. पण छटाक कारखान्याच्या दाराकडे वळून हात नाचवायला लागला. त्याला आतला काटा दिसत होता. उद्या त्याला चालता येईल, परवा वाचता येईल, आणि भिंतीवर त्याच्या नावापर्यंत आलेली तुटक रेघ असेल. तेव्हाही कुणी त्याला एक शब्द बोलणार नाही.

मी आत गेले.

अप्पा काचेच्या पेटीजवळ बसले होते. हातात चिमटा. मला बघून त्यांची नजर नेहमीसारखी जमिनीकडे गेली.

"अप्पा, मधलं वजन तपासलंय. दाखला आहे."

त्यांनी चिमटा ठेवला, हातमोजे काढले, चष्मा नाकावर सरकवला. आधी तारीख बघितली. मग नमुने. मग आकडा. मग पुन्हा तारीख. भिंतीवर मास्तरांचा तक्ता होता, त्याकडे ते वळलेसुद्धा नाहीत. सगळं आयुष्य ज्याने मुळापासून शेवटपर्यंत साखळी तपासली, त्याला हे मनातल्या मनात करायला किती वेळ लागणार? दारात नवरा येऊन उभा राहिला होता. त्याच्या मागे सासूबाई.

"हे तुझ्या हातात कसं आलं?" त्यांनी मला विचारलं.

"पेटीत होतं. मखमलीखाली."

"पेटी कुणाची?"

मी दारात उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी कागदाची घडी घातली, होती तशीच, त्याच सुरकुतीवर, आणि खिशात ठेवली.

"चूक माझी," ते म्हणाले. "मधलं वगळलं. पहिल्या दिवसाचा कामगारही करत नाही असली चूक."

"हो," मी म्हणाले. मला त्यांना दुसरं काही म्हणायचं होतं, पण तेवढंच निघालं. दुसरं अजूनही निघत नाही.

मग ते उठून कोपऱ्यातल्या काट्याकडे गेले. टॉवेलावर सहा आठवड्यांची धूळ होती. त्यांनी तो झटकला, कपाटातून दुसरा काढला, पसरला, काटा शून्यावर आणला आणि माझ्यापुढे दोन्ही हात केले. मी छटाकला दिलं. त्याने चष्म्याची दोरी पकडली. अप्पा वाकून राहिले. खूप वेळ वाकून राहिले, त्याने सोडली तरी.

सहा किलो सातशे दहा. त्यांनी आजच्या तारखेपुढे लिहिलं. वर ओळीने पाच तारखा होत्या, त्यांच्यापुढे काही नव्हतं.

"आणि या?" मी विचारलं.

अप्पांनी पेन उचललं, धरून ठेवलं, टोपण लावलं. "मागच्या तारखेचं वजन लिहिता येत नाही, कारकूनबाई. तुला माहीत आहे."

माहीत होतं. मीच कितीतरी गिऱ्हाइकांना तसं सांगितलंय, फोनवर, गोड आवाजात. पाचांतले पहिले दोन कोरे राहिले तेव्हा सासूबाईंशिवाय कुणाला काही माहीत नव्हतं. नंतरचे तीन नवऱ्यालाही माहीत असून कोरे राहिले. वहीत दोन्ही सारखेच दिसतात.

मी छटाकला उचलून घेतलं, टॉवेलासकट. दीडच्या बसने माझ्या ताईच्या गावी जायचं, हे वर जाता जाता माझ्या मनात ठरलं होतं का, की दारातच ठरलं, सांगता येत नाही. नवरा वाटेतून बाजूला झाला नाही. लाल डोळ्यांनी छटाककडे बघत, काहीतरी बोलायचं म्हणून, दर सोमवारी जिन्यावरून ओरडून विचारायचा तेच त्याने विचारलं.

"किती भरला?"

"वहीत बघ," मी म्हणाले.